मास्तरांच्या कपाळावरची हळद

"सर, बाबांच्या कपाळाला हळदकुंकू कुणी लावलं?"

वसुधाताईंनी हे विचारलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी ॲनाटॉमीचा प्रोफेसर. तेव्हा हैदराबादेत प्रायव्हेट मेडिकल कॉलेजांचं पेव फुटलं होतं, आमचंही त्यातलंच. मुलांना शिकायला मृतदेह पुरत नव्हते. अशात गौलीगुड्याचे एक रिटायर्ड मराठी मास्तर देहदान करायचंय म्हणून स्वतःहून आले. पक्के नास्तिक. "मेल्यावर हळदकुंकू, हार, मंत्र, काही म्हणता काही नको. पोरं शिकली की झालं," म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता.

मास्तर गेले त्याला वर्ष झालं, तेव्हा त्यांची ही मुलगी, वसुधाताई, आली. "आम्ही श्राद्ध घालत नाही, सर. बाबांचं काम चाललेलं बघावं म्हटलं." खरं तर डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मुलं शरीर उघडून शिकतात तिथे, नातेवाइकांना सोडत नाहीत. पण मला मेली मिरवायची हौस! थेट आत घेऊन गेलो आणि चेहऱ्यावरची चादर बाजूला केली.

दसऱ्याची सुट्टी नुकतीच संपली होती. हॉल सांभाळणाऱ्या यादगिरीने नेहमीसारखी आयुधपूजा केली होती, सुऱ्या-चिमट्यांची. त्यांच्याबरोबर टेबलांवरच्या सगळ्यांनाही हळदकुंकू आणि झेंडूचे हार.

"काय करून ठेवलंस रे हे?" मी ओरडलो.

"साब, इनोच तो बच्चों कू पढ़ाते. इनों कू कैसा छोड़ना?"

त्याला काय बोलणार, कपाळ माझं? मास्तरांची अट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती. मी हार काढला, स्पिरिटचा बोळा घेऊन घासू लागलो. कुंकू निघालं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या कातडीवरची हळद काही केल्या जाईना. सगळा वर्ग बघत होता.

"राहू द्या हो, सर. किती घासाल?" ताई म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "तुम्ही काय शिकलात ह्यांच्याकडून?"

एक मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, अपेंडिक्स मिलाइच नै. बहुत ढूंढे हम. फिर पेट पे पुराने टाकों का निशान दिखा."

"अगं, मी चौथीत होते तेव्हा काढलं ते!" ताई एकदम हसल्या. "टाके निघायच्या आत शाळेत शिकवायला पळाले. आई काय चिडली होती!"

मुलं जवळ सरकली, एकेक विचारू लागली. ताई डोळे पुसत सांगत राहिल्या. मी बोळा हातात घेऊन बाजूला उभा.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्द मोडलात, सर. बाबांनी तुम्हाला माफ केलं नसतं. मी पुढच्या वर्षी येईन, नव्या मुलांना भेटायला."

बोळा खाली ठेवून मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो.

आता कुणी देहदान करायला आलं की त्यांची अट मी आधी यादगिरीला सांगतो. फाइलमध्ये नोंद मग.