निरंक अहवालावरची माझी सही

मशीन बंद पडलं तेव्हा मी गुलाबचाचांच्या ओट्यावर बसून त्यांच्या सुनेने, नसीमने दिलेला चहा पीत होते. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. आतली घरघर थांबली आणि पाठोपाठ अलार्म वाजायला लागला. नसीम हातातली चाळणी टाकून आत धावली.

हे मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीवाटे रुग्णाच्या नाकात सोडतं. सिलिंडर संपतो, हे संपत नाही. फक्त त्याला वीज लागते. चाचांनी उभं आयुष्य सुप्याच्या बाजूला खडी क्रशरवर काढलं होतं. दगडाची भुकटी फुफ्फुसात बसली की परत निघत नाही, फुफ्फुसं कडक होत जातात. मशीनशिवाय चाचा घरातून न्हाणीपर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हते.

मी तेव्हा पठारावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका होते. म्हणजे नर्सबाईंच्या वर आणि डॉक्टरांच्या खाली, दोन्हीकडून बोलणी खायची जागा. रिटायर व्हायला दहा महिने उरले होते. चाचांना ते मशीन जिल्हा रुग्णालयातून मीच मिळवून दिलं होतं. अर्ज मी भरला, पाठपुरावा मी केला, टेम्पोत शेजारी बसून आणलंही मीच. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ब्याऐंशी, आणि खाली सरकत होता. कोपऱ्यात लहान सिलिंडर होता, तो जोडला. जपून वापरला तर तीन तास पुरतो. मग लाइनमनला फोन लावला.

"सिस्टर, पवनचक्कीची टावर लाइन वढायचं काम हाय," तो म्हणाला. "त्यांच्या तारा आपल्या लायनीवरून जात्यात, म्हून आपली बंद ठिवावी लागती. पाच वाजेस्तोवर न्हाई यायची."

"आणि उद्या?"

"उद्या बी. पंधरा-वीस दिस चालंल. म्या ग्रुपवर टाकलं हुतं की."

तो ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपचा. त्यात गावातले पंपवाले होते, दुकानदार होते. नसीमचा साधा फोन त्यात नव्हता.

त्या दिवशी चाचांना मशीनसकट आमच्या केंद्रात आणलं, कारण आमच्याकडे जनरेटर होता. पवनचक्कीची पाती न्यायला केलेला मुरमाचा रुंद रस्ता होता म्हणून लवकर पोचलो, पण त्या धुळीने चाचा वाटभर खोकत होते. केंद्रात रिकामी खाट होती ती बाळंतिणींच्या खोलीत. मध्ये पडदा लावला. चाचा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"सिस्टर, उद्या मला नका आनू," संध्याकाळी ते म्हणाले. "पोरीबाळी लाजत्यात. आन् ह्या धक्क्यांनी मी वाटंतच जाईन."

त्यांचं खरं होतं. रोज सात किलोमीटर जाणं आणि सात किलोमीटर येणं त्यांच्या छातीला झेपणार नव्हतं. घरी ठेवलं तर रोज आठ तास वीज नाही. मोठे सिलिंडर सुप्याहून आणायचे तर आणणार कोण, आणि किती दिवस?

दुसऱ्या दिवशी केंद्रातला एक सिलिंडर त्यांच्या घरी पोचवला आणि मी वीज कंपनीच्या उपअभियंत्यांकडे गेले. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली. म्हणाले, शटडाऊन आम्ही मनाने घेत नाही. पवनचक्की प्रकल्पाला वरून परवानगी आहे आणि परवानगीतल्या सगळ्या अटी पूर्ण आहेत. कुठल्या अटी, असं मी विचारलं. ते आदेशात आहे, आदेश प्रांत ऑफिसला आहे, असं उत्तर आलं. चेंडू टोलवायची ही पद्धत मला नवी नव्हती. चौतीस वर्षं मी त्याच घरात नांदले होते. सरकारी कागद कुठे दडून बसतो आणि कशाने बाहेर येतो, ते मला पक्कं ठाऊक होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज केला की उत्तराला तीस दिवस मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी लागते, हे फार जणांना माहीत नसतं. अर्ज नसीमच्या नावाने केला. ती दहावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. "माझे सासरे विजेच्या यंत्रावर श्वास घेतात," हे पहिलं वाक्य तिने स्वतःच्या मनाने लिहिलं. मी खाली कायद्याचं कलम घातलं. प्रांत ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटासुलटा करून तीस दिवसांनी यायला सांगितलं. मी कलमावर बोट ठेवून त्यांच्याकडून पोच घेतली आणि पोचेवर वेळही लिहून घेतली. नकला दुसऱ्या दिवशी दुपारी तयार होत्या.

आदेश वाचून मी थक्क झाले, कारण तो चांगला होता. कुणीतरी विचार करून लिहिला होता. नववी अट अशी होती: शटडाऊनपूर्वी आरोग्य केंद्राकडून घरी विजेच्या उपकरणांवर असलेल्या रुग्णांची यादी घ्यावी, तहसीलने ती पडताळावी आणि अशा प्रत्येक घरी प्रकल्पाने इन्व्हर्टर बसवून द्यावा. याहून जास्त मी तरी काय मागणार होते?

मग मी पान उलटलं. मागे आमच्या केंद्राचं पत्र जोडलेलं होतं. "सदर कार्यक्षेत्रात असे रुग्ण निरंक." खाली डॉक्टरांचा शिक्का, शिक्क्यावर 'करिता', म्हणजे त्यांच्या वतीने, आणि त्यावर सही. सही माझी होती.

भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. "ही तुमचीच ना, सिस्टर?"

मी हो म्हणाले. नसीम शेजारी उभी होती. तिने पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं. ती चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

निरंक म्हणजे शून्य, काही नाही. दर महिन्याला आमच्याकडून ढीगभर तक्ते वर जायचे. गोवर निरंक, सर्पदंश निरंक, माता मृत्यू निरंक. रकाना रिकामा ठेवला तर वरून फोन येतो. निरंक लिहिलं की फोन येत नाही. हाताला तशी सवयच लागते. यादी मागणारं पत्र आलं तेव्हा डॉक्टर रजेवर होते, चार्ज माझ्याकडे होता. वर 'तात्काळ, आजच' असं लिहिलेलं होतं. क्लार्कने उत्तर टाइप करून इतर तक्त्यांबरोबर समोर ठेवलं आणि मी उभ्या उभ्या सही केली. मशीन आणून जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या हाताने अर्ज भरला, त्याच हाताने मी चाचांना कागदावरून पुसलं होतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

केंद्रात येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते माझ्या मुलाच्या वयाचे, मनाने चांगले. त्यांनी सुचवलं की आता नवी यादी पाठवून देऊ, जुन्या पत्राचा विषयच काढायला नको. दहा महिन्यांवर तुमची पेन्शन आहे, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता? त्यांची काळजी खरी होती. पण मला कागदांची जात माहीत होती. आदेशाला जोडलेला कागद रद्द होत नाही तोवर नवी यादी नुसती फायलीत पडून राहते. माझी ती सही खरी धरली जात होती तोवर चाचा सरकारच्या लेखी नव्हतेच. इन्व्हर्टर येणार कुणासाठी?

मी दोन कागद केले. पहिल्यात लिहिलं की निरंकचा दाखला मी कोणतीही चौकशी न करता दिला, तो चुकीचा आहे, तो रद्द समजावा. दुसरा कागद यादीचा. त्यासाठी आमच्या केंद्राच्या आशा कार्यकर्तीला, आशाताईंना घेऊन दोन दिवस लाइनीखालच्या वाड्यावस्त्या पायी फिरले. चाचांना धरून पाच जण निघाले. एका घरात तर मशीनवर कापड टाकून वर देवाचा फोटो ठेवला होता. त्या घरच्या आजींना मशीन वापरायचं असतं हेच कुणी समजावलेलं नव्हतं. तो दोष कुणाचा, हेही मी यादीत लिहून टाकलं. तोवर केंद्रातले दोन सिलिंडर चाचांच्या घरी संपले होते, तिसरा अर्धा झाला होता.

प्रांत मॅडमनी बैठक लावली. उपअभियंते होते, तहसीलमधले नायब साहेब होते, प्रकल्पाचे साइट मॅनेजर होते. नसीमला मी मुद्दाम शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

साइट मॅनेजरांनी फाईल उघडली. "मॅडम, आम्ही प्रत्येक अट पाळली आहे. आरोग्य केंद्राचा निरंक दाखला जोडलेला आहे."

"तो दाखला माझा आहे," मी म्हणाले. "आणि तो खोटा आहे. एकाही घरी न जाता मी सही केली."

मॅडमनी चष्मा काढला. "हे तुम्ही लेखी देणार?"

"दिलंय मॅडम. तुमच्या ऑफिसचा आवक क्रमांक पडलाय."

एकदा आपली चूक आपण टेबलावर ठेवली की हात मोकळे होतात. मग मी एकेकाला विचारत गेले. यादी तहसीलने पडताळायची होती, कुणी कुठे गेलं होतं का? नायब साहेब म्हणाले, यादीच निरंक म्हटल्यावर पडताळणार काय? त्याच आदेशाप्रमाणे वीज कंपनीने घरोघर सूचना द्यायची होती. ती व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती. माझ्या एका निरंकाच्या आधाराने तिघे निवांत बसले होते.

शेवटी साइट मॅनेजरांना म्हणाले, "साहेब, या पठारावर वारा किती आहे ते बघायला तुम्ही वर्षभर खांब उभा केला होता. त्याच वाऱ्याखाली माणसं किती आहेत ते बघायला एक दिवस काढला नाहीत. तो एक दिवस मीही काढला नाही. पण आता पाच नावं तुमच्यासमोर आहेत."

मॅडमनी नसीमला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. नसीम म्हणाली, "पवनचक्की नको असं आमचं म्हननं न्हाई मॅडम. लाइट बंद करायच्या आधी आमच्या दारात येऊन सांगा, एवढंच हाय."

आदेश त्याच टेबलावर निघाला. पाच घरी इन्व्हर्टर लागेपर्यंत तार ओढायची नाही. उपअभियंत्यांनी त्यात आपल्याकडून एक भर घातली, आणि तीच खरी कामाची ठरली. लाइनवर चढण्याआधी लाइनमनला परमिट लागतं, म्हणजे वीज बंद केल्याची लेखी खात्री. ठरलं असं की आशाताईंनी पाचही घरी जाऊन "मशीन इन्व्हर्टरवर चालू" असं कळवल्याशिवाय परमिट फाडायचं नाही. इन्व्हर्टर चौथ्या दिवशी आले. काम बावीस दिवस चाललं. चाचांचा आकडा एकदाही नव्वदच्या खाली गेला नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. कारण नव्हतंच, तसं मी लिहिलं. सेवापुस्तकात सक्त ताकीद अशी नोंद पडली. पेन्शन वेळेवर मिळाली. डॉक्टर उगीच घाबरले होते.

चाचा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. घरातच, आपल्या खाटेवर गेले. मशीन चालू होतं. मी मयतीला गेले तेव्हा नसीमने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

माझ्या जागी आता नवी मुलगी आली आहे. हुशार आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. दुसऱ्या टप्प्याच्या पवनचक्क्यांसाठी तसंच पत्र आलं होतं, तात्काळ, आजच. मॅडम, जुन्या यादीतली नावं आहेतच, आता नवीन पेशंट कुणी नसेल, त्या रकान्यात निरंक लिहू का, असं ती विचारत होती.

"घरोघरी जाऊन आलीस?"

"नाही अजून."

"मग निरंक नको लिहू. 'माहीत नाही' असं लिही आणि खाली सही कर."

तसं लिहून कोण सही करणार, असं म्हणून तिने फोन ठेवला. संध्याकाळी तिचा परत फोन आला. ती वस्तीवर होती, आणि तिला सहावा पेशंट सापडला होता.