ताईने पुढे दिलेली ताटली

आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. ख्रिस्ताच्या देहाची खूण म्हणून पावाच्या तुकड्यांची ताटली बाकांवरून फिरे; तोवर गीत चाले, आणि ते संपले की सगळे मिळून तुकडा खात. ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने तुकडा न घेता ती पुढे द्यायची, असा रिवाज होता. विचारत कोणी नसे. बघत मात्र सगळे.

दुष्काळाचे वर्ष होते. आई आधीच गेलेली, वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. ताई गिरणीत पहिल्या पाळीला जाई. ती येईपर्यंत वडिलांजवळ बसायचे काम माझे. एका दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून मी वाचनालयात गेलो. पुस्तक बदलून लगेच परतणार होतो, पण तिथेच वाचत बसलो. ताई घरी आली तेव्हा पाण्यासाठी धडपडत उठलेले वडील माठाजवळ पडलेले होते. मांडीचे हाड मोडले होते. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

मी पोचलो तेव्हा शेजारच्या खोलीतली आत्या ताईला विचारत होती, “तू कुटं होतीस?”

ताईने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. “हितंच होते, आत्या. आज लवकर सुटले. जरा डोळा लागला.”

“बाप पडला तरी जाग न्हाय? लई गाढ झोप हाय की गं तुजी!”

मी पुस्तक कोनाड्यात ठेवले.

वडिलांना मूठमाती दिल्यानंतरच्या प्रभुभोजनात मी तुकडा घेतला. पलीकडे बायकांच्या बाकावर ताईने ताटली तशीच पुढे दिली. घरी मी कारण विचारले.

“खोटं बोललेय ना मी. ते तसंच ठेवून कसं घेऊ?”

“मग मी सांगतो आत्याला.”

“सांग की. कोण अडवतंय?” ती हसली आणि भाकरी थापू लागली.

मी सांगितले नाही. पाळक उपदेशात म्हणत, ख्रिस्ताने आपले पाप स्वतःवर घेतले. ते मला मनापासून पटे. बायका ताईकडे बघून कुजबुजत, तेही मला ऐकू येई. महिन्यामागून महिने ती ताटली पुढे देत राहिली आणि मी घेत राहिलो.

पुढे कावीळ होऊन ताई गेली. दफनाहून परतल्यावर मी आत्याला सगळे सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली.

“आता मी कुणाला म्हणू रं, चुकलं माजं म्हणून?”

पाळकांनाही सांगितले. ते म्हणाले, “ख्रिस्तानं मोल एकदाच दिलंय, बाळा. क्षमा आहे. पुढच्या वेळी निःशंक घे.”

त्यावर माझा विश्वास आहे, तेव्हाही होता. पुढच्या प्रभुभोजनात मी तुकडा उचलला. पलीकडे आत्या ताईच्या जागेवर बसली होती. तिने ताटली न बघताच पुढे दिली.

गीत संपले तरी तुकडा माझ्या हातातच होता.