गिरणीतला एक नंबर रिपोर्ट

मंडळी, दुपारपासनं डोकं नुसतं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

माझे वडील, आण्णा, सांगलीत हळदीच्या गिरणीत पोती उचलतात. दोन वर्षं खोकला, आता जिना चढतानाही धाप लागते. आज त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फुप्फुसांची तपासणी केली. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि जीव खाऊन फुंकायचं. आण्णांनी तीनदा फुंकलं आणि तिसऱ्यांदा मटकन खाली बसले.

"फुप्फुसं निम्मीच चालतायत," डॉक्टर म्हणाले.

मी गिरणीतल्या तपासणीची फाईल पुढं केली. दरवर्षी रिपोर्ट एक नंबर! डॉक्टरांनी आण्णांकडं बघितलं. "हा दम यांचा नाही."

आण्णा मान खाली घालून म्हणाले, "आगं, आमच्यात एक पैलवान हाय. सगळ्यांच्या नावावर त्योच फुंकतो. दम कमी निघाला की मुकादम घरी बसवतो. पोरगं आमच्या भल्यासाठीच करतंय."

"आणि तपासणीवाला?"

"त्योच म्हंतो, पैलवानाला बोलवा, लवकर आटपू."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! मालकाला धूळ ओढायचा पंखा बसवायला नको, धड मास्क द्यायला नको, कागद तेवढा साफ पाहिजे.

आणि मी शहाणी! गेल्या वर्षी तोच रिपोर्ट बघून आण्णांवर खेकसले होते, "तुमाला कायबी झालं न्हाई, उगं सोंग करू नका."

तुमच्या घरातलं कुणी गिरणीत, कारखान्यात राबत असेल, तर आज जेवताना त्यांना एवढंच विचारा: नळी कुणी फुंकली?