रविवारची मेस

त्या जून महिन्यात मी कॉलेजांच्या याद्या खालून वाचायला शिकलो. वरून वाचणाऱ्यांचं काम सोपं असतं. आमच्या लेकीला बारावीत चौपन्न टक्के पडले होते, आणि खालच्या कॉलेजांबद्दल कोणी धड चार ओळीही लिहून ठेवत नाही.

टक्क्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. मी तरी कुठे मोठे दिवे लावले होते. पण तिची एक अट होती. कॉलेज असं हवं, जिथे पोरं ठिकठिकाणची असतील, अर्धा वर्ग एकाच गावचा नसेल.

"काहून पण?" मी विचारलं. "रायपुरात काय कमी आहे तुले?"

ती नेहमीप्रमाणे हिंदीतच बोलली. "पप्पा, नर्सरी से वही चालीस लोग हैं. आठवीं में एक बार स्टेज पर रोई थी, आज भी सब रोंदू बुलाते हैं. यहाँ कॉलेज में भी वही चालीस मिलेंगे."

आमच्या चौबे कॉलोनीत दूध आणायला गेलं तरी कोणीतरी विचारायचं, "भैया, हमारी रोंदू का क्या सोचा?" प्रेमानंच विचारायचे, पण ती सोबत असली की मान खाली घालून चपला बघत राहायची. तिला कुठेतरी नव्यानं सुरुवात करायची होती. मला ते पटलं होतं.

मग सुरू झाले फोन. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून, काळ्या धुळीच्या बोटांनी नंबर लावायचो. आधी विचारायचो, चौपन्नला प्रवेश मिळेल का. हो म्हणाले की पुढचा प्रश्न, बाहेरच्या राज्यांतली मुलं किती? पहिल्याच ठिकाणी बाबूनं मला धीर दिला. "घबराइए मत साहब, सब अपने ही तरफ़ के बच्चे हैं. बाहर का एक भी नहीं." दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "हमारे यहाँ तो पूरा भारत है." खोदून विचारलं तेव्हा तो पूरा भारत शेजारच्या दुर्ग आणि बिलासपूरमध्येच मावला.

दहा-बारा दिवसांत जीव मेटाकुटीला आला. तेव्हा मला माझं नागपूरचं होस्टेल आठवलं. डिप्लोमाला आम्ही सगळे भंडारा, गोंदिया, वर्ध्याकडचे. शनिवारी दुपारी मळक्या कपड्यांचं बोचकं उचलायचं आणि घर गाठायचं. रविवारी मेसला कुलूप. त्यानंतर मी कॉलेजच्या ऑफिसात फक्त प्रवेशाचं विचारायचो. बाकीच्यासाठी होस्टेलला फोन करून मेसच्या स्वयंपाक्याला बोलवायला सांगायचो आणि विचारायचो, रविवारी किती जणांचा स्वयंपाक करता? "संडे को तो छुट्टी रहती है भैया," असं तो म्हणाला की ते नाव बाद. स्वयंपाकी कशाला खोटं बोलेल?

ही युक्ती ऐकून लेक कितीतरी दिवसांनी हसली. संध्याकाळी मी घरात शिरलो की तिचा एकच प्रश्न, "संडे?" मी नुसता हात हलवायचो, ती यादीतलं नाव खोडायची आणि मी बूट काढायला बसायचो.

जुलै उजाडला. एका दुपारी कोइमतूरकडच्या एका कॉलेजात चौपन्नला जागा आहे असं कळलं, आणि तिथली मेसही लागली. स्वयंपाकी मोडक्या हिंदीत म्हणाला, "संडे फुल है साब. आसाम, बिहार, केरला, सब इधर ही रहता. घर दूर ना, किधर जाएगा?"

मी फोन ठेवला आणि गार पोळी चावत बसलो. इतक्या स्वयंपाक्यांना मी तोच प्रश्न विचारला होता, पण त्याचा अर्थ त्या दुपारी डोक्यात शिरला. पोरं जिथून घरी येत नाहीत असं कॉलेज मी स्वतःच्या हातानं शोधून काढलं होतं. मला भीती वाटली.

परतताना बसमध्ये मी खोटं बोलायचं ठरवून टाकलं. रविवारी बंद असते म्हणायचं. आणखी दोन-चार नावं खोडली की तीच कंटाळेल आणि इथं कुठेतरी प्रवेश घेईल. मी फार थकलो होतो, आणि थकलेल्या माणसाला असलं सगळं लवकर पटतं.

दार तिनंच उघडलं. हातात यादी होती आणि पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं.

"संडे?"

खोडायची तिला इतकी सवय झाली होती की तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यानं खोटं बोलवेना.

"फुल्ल असते," मी म्हणालो. "सारे तिथंच राहतात. कोणी घरी जात नाही."

ती नाचेल असं मला वाटलं होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि, किती वर्षांनी कोण जाणे, मराठीत म्हणाली, "पण मले यावंसं वाटलं तर?"

"तर येऊन जाजो."

दीड दिवसाची गाडी आहे हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी बूट काढायला बसलो.