शेवटच्या कडव्यातलं नाव

शेलूबाजारात सैफुद्दीन शिंप्याचं नाव काढा, लोक म्हंतीन, "देवमाणूस." माहा नवरा हाय तो, मले विचारा. दिवसभर मशीन चालवते आन् संध्याकाळी गंमतीच्या, म्हंजे आमच्याकडच्या तमाशाच्या, फडासाठी गाणी जुळवते. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव येते, त्याले छाप म्हंतात. छाप ज्याची, गाणं त्याचं.

तांड्यावरचा उदयसिंग त्याचा शागीर्द. गळा गोड हाय, मी नाही म्हणत नाही. पण ज्या दिवशी त्याले शागिर्दीचा गंडा बांधला, त्या दिवशी आमच्या उस्तादांनी आपलं सगळ्यात चांगलं गाणं त्याच्या झोळीत टाकलं, छापीत 'उदयसिंग' घालून. फडाचा रिवाज हाय म्हणे, उस्तादानं एक गाणं शागिर्दाच्या नावानं करून द्यायचं. असन रिवाज. पण सगळ्यात चांगलंच कायले? मले ईदेचं लुगडं घेताना मात्र हाच माणूस स्वस्तासाठी चार दुकानं फिरते.

सन छप्पनात मुंबईच्या एका कंपनीनं उदयसिंगाले नेलं आन् त्या गाण्याची तबकडी काढली. बाजाराच्या दिवशी हॉटेलात दुसरं काही वाजेच ना. तबकडीवर छापलं होतं, गीत आणि गायन उदयसिंग. त्याची माय रामीबाई नातवाचं कुडतं शिवाले आमच्याच दुकानात आली आन् म्हणे, "आमच्या पोरानं काय गाणं केलं वं!" माह्या अंगाची नुसती आग झाली. त्या कुडत्याचे टाके मी मुद्दाम सैल घातले.

मग मी बोलून बोलून नवऱ्याचा जीव खाल्ला. शेवटी त्यानं अकोल्याचा वकील गाठला आन् कोर्टात दावा लावला. मागणी एकच, तबकडीवर सैफुद्दीनचं नाव पाहिजे.

तारखेले मी बी गेली. न्यायाधीशानं विचारलं, "गाणं कोणी केलं?"

"मी केलं, साहेब."

उदयसिंगानं बी मान डोलावली. मी पदर सावरून बसली. म्हटलं, आता जिरली पोट्ट्याची.

"मग शेवटच्या कडव्यात नाव ह्याचं कसं?"

"मीच घातलं. शागिर्दाले दिलेली छाप उस्ताद वापस मागत नाही."

"अहो, मग दावा कशाला केला?"

त्यानं माह्याकडं बोट दाखवलं. "घरातून लई तगादा होता, साहेब."

अख्खं कोर्ट हसलं. दावा गेला पाण्यात. बाहेर उदयसिंग पाया पडला, तं आमच्या उस्तादांनी त्याले छातीशी धरलं. एवढ्या मायेनं तो माणूस माह्याशी जन्मात वागला नाही.

मोटरीत मी तोंड उघडलं. "मी केलं म्हणून सांगतलं ना तुमी? चाल कोणाची हाय त्याची? पहिल्या दोन ओळी कोणाच्या? मी जात्यावर म्हणत होती त्या. तुमी भिंतीपलीकडून ऐकल्या आन् पुढचं जोडलं."

मले वाटलं, आता तरी काही बोलन.

"तुह्याच होत्या, खरं हाय," म्हणे. "पण घरातलं कोणी वेगळं धरते का?"

त्या दिवसापासून मी मुकाट्यानं दळते. त्याले आता नवी चाल सुचून नाही राह्यली. परवा पलीकडून विचारे, "काहून गात नाहीस वं?"

म्हटलं, उदयसिंगाले बोलवा दळाले.