विटेचा शेक

सहा महिन्यांपासून तळपाय जळतात. दवाखान्यातले डॉक्टर पायाकडे न बघताच म्हणाले, "कमी चाला." गावोगाव संघटनेची पत्रकं वाटणाऱ्यानं कमी कसं चालायचं, ते काही सांगितलं नाही.

घरी आईनं टाचेला रुईचं पान लावलं आणि तापलेली वीट फडक्यात गुंडाळून त्यावर धरली.

"भाजून राह्यलं का रे?"

"न्हाई."

"मंग जरा दाबून धरते."

सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. आई रडायला लागली, "सांगायचं तरी, बाबा." मला कळलंच नव्हतं, तर काय सांगणार?

दिवसभर जळणाऱ्या पायाला तापलेली वीट कळत नाही, म्हणजे नस मेली का, एवढं कुणीतरी तपासून सांगावं. दवाखान्यात नीट तपासावं म्हणून लोकांसाठी असे ढीगभर अर्ज लिहिले. स्वतःचा लिहायला बसलो आणि दोन ओळींतच थकलो.