वहिनीचा अंदाज

रामदासचं कार्ड इथे भिलाईला पोचलं तेव्हा वहिनीची तेरवीसुद्धा होऊन गेली होती. "आई गेली. तार केली होती, भेटली नसंल." आणि लगेच खाली, "यंदा पाची एकर संकरित ज्वारी पेरून राह्यलो. आईनं त्या साली तीन एकर पेरली, पण तिचा अंदाज चुकला. मी खत देतो. काका, तुमचा विचार कळवा." पहिल्या ओळीनं रडवलं. धसका घेतला तो पुढच्या ओळींचा...

तुळसावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर साखरखेर्ड्याची पाच एकर कोरडवाहू तिनंच सांभाळली. मी सातवीतून शाळा सोडलेला, घरात बसून नुसती काळजी करणारा. "तू जाय बापू कारखान्यात," ती म्हणाली. "इतकी तोंडं या रानात नाही भागत. मी हाय ना इथं." आज माझ्या ताटात जे आहे, ते त्या शब्दांमुळे.

संकरित बियाणं नवं होतं तेव्हाची गोष्ट. आदल्या हंगामात शेजारच्या गावी मी ते पीक पाहिलेलं. ज्वारीचं ताट जेमतेम कमरेएवढं, पण कणीस मुठीत मावेना. पेरणीआधी रजेवर गेलो आणि वहिनीच्या मागेच लागलो.

"गावरानीपेक्षा कितीतरी दाणे, वहिनी! सगळ्या रानात हेच पेरा."

"कणीस मलेबी दिसते. बैलाले काय दाखवू? एवढ्याशा ताटातून कडबा कुठून आणू?"

"कडब्यासाठी कोनी ज्वारी पेरते काय?"

"मंग बैल काऊन ठेवतात लोकं? शोभेले?"

अंगणातल्या बायाही हसल्या. मला ते लागलं. दोन दिवस जेवलो नाही धड. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बरं बापू, तीन एकर तुही, दोन माही. आता तरी भाकर खाय."

मी भिलाईला परतलो. दाणे खरंच भरपूर झाले. पण फाल्गुनातच कडबा संपला. हे तिनं नाही कळवलं, गावच्या एका सोबत्यानं सांगितलं. चैत्रात तिनं गोठ्याच्या छपरावरचं जुनं गवत उतरवून बैलांपुढे टाकलं. मृगाच्या तोंडावर एक बैल बसला, तो उठलाच नाही. पेरणीला सगळ्यांच्या तिफणी चालल्या, तिचं रान तसंच पडून. पारावरचे म्हणायचे, "तुळसाबाई, आता दाणे चारा बैलाले!" ती म्हणायची, "हाव, अंदाज माह्याच चुकला."

माझं नाव तिनं घेतलं नाही. पोटच्या पोरापाशीही नाही. म्हणून तर तो आज असं लिहितो... आणि मी परत इतक्या लांबून सल्ला द्यायचा?

दोन कार्डं फाडली. तिसऱ्यावर लिहिलं, "रामदास, अंदाज माझा चुकला होता, आईचा नाही. खतानं कणीस भरेल, ताट उंच होणार नाही. संकरित वाईट नाही, पण किती पेरायची ते मी सांगणार नाही. पेरणीच्या आधी, अखाजीच्या सुमारास आई अंगणात काडीनं चौकोन आखायची, तुला आठवत असेल. कडब्याची गंजी एवढी तरी लागायला पाहिजे, म्हणून. तेवढ्या कडब्यापुरती गावरानी, बाकीच्या रानात जे वाटेल ते. तू आधी तो चौकोन आख."

कार्ड टाकून बारा दिवस झाले. उत्तर नाही. मृग लागला, तिफण निघाली असेल की काय, या धास्तीनं काही सुचत नाही. काल कामावरून आलो आणि खडू घेऊन खोलीच्या फरशीवर तो चौकोन काढायला बसलो. ती पावलांनी मोजायची तसा मोजला. खाट उभी केली, ट्रंक बाहेर ठेवली... तरी मावेना. एक बाजू दाराबाहेर, व्हरांड्यात काढावी लागली.